स्वच्छ बोल

काउंटरपलीकडचा तो मुलगा हसला, तिथून हे सुरू झालं. वाईट हसला असता तर बरं झालं असतं. तसल्या हसण्याची मला सवय आहे, त्याला द्यायची उत्तरंही तोंडात तयार असतात. हा कौतुकानं हसला. झान्नाचा अर्ज त्यानं पानापानानं तपासला होता. जन्मदाखला, हॉस्पिटलातल्या नोकरीचं पत्र, भाषेच्या परीक्षेचा कागद, नागरिकत्वाच्या परीक्षेत तेहेतिसापैकी एकतीस उत्तरं बरोबर आल्याचा कागद, कझाकस्तानचा निळा पासपोर्ट. सगळ्याची टोकं जुळवून झाल्यावर नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "छान बोलता हो जर्मन. कुठं शिकलात?" मला वाटलं ती नर्सिंगच्या शाळेचं नाव सांगेल. ती म्हणाली, "वर्गात शिकले. पण त्याआधी बाबांकडून. बाबांची जरा वेगळी आहे." "वेगळी म्हणजे कशी?" असं त्यानं विचारलं आणि माझ्या भावाची ही मुलगी, जिचा चेहरा अख्खा तिच्या कझाक आईचा आहे, त्या कासेल शहरातल्या सरकारी खोलीत खुर्चीत जराशी पुढं सरकून म्हणाली, "या रं पोरांनो, ज्येवाया या, समदं निवाय लागलंय."

पहिला 'या' लांबवून. शेवटचा शब्द थोडा खाली टाकून. माझ्या आईनं लांबवला असता तेवढाच, टाकला असता तिथंच. आई जाऊन तेहेतीस वर्षं झाली आणि झान्नानं तिला पाहिलेलंसुद्धा नाही. तो मुलगा खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "अहो, ही तर माझी आजी! फोगल्सबर्गच्या डोंगरातली. अगदी अशीच हाक मारायची अंगणातून. तुम्ही हे कझाकस्तानातून आणलंत?" शेजारच्या टेबलावरच्या बाईला त्यानं हाक मारली, झान्नाला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, दोघं पुन्हा हसली. मग तो म्हणाला, "याच्या झेरॉक्स काढून आणतो, दहा मिनिटं बाहेर बसा." झान्नाचे गाल लाल झाले होते, ती खूष होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती कुणावर काढावी हे मला कळत नव्हतं. त्या पोरावर काढता येत नव्हती. सत्त्याण्णव साली तो बहुतेक जन्मलाही नसेल.

बाहेर कॉरिडॉरमध्ये निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, एकमेकींना जोडलेल्या. एकजण हलला की सगळी रांग हलते. पलीकडच्या टोकाला एक ब्राझीलचा तरुण बसला होता. मघाशी आम्ही आत जायच्या आधी त्यानंच झान्नाला इंग्रजीत माहिती दिली होती. त्याच्याकडं पणजोबाच्या बाप्तिस्म्याचा कागद आहे, पिवळा पडलेला, पारदर्शक पाकिटात घातलेला. पणजोबा जर्मन, म्हणून आजोबा जर्मन, म्हणून वडील जर्मन, म्हणून हा आईच्या पोटात असल्यापासूनच जर्मन. इथं येऊन फक्त कागदावर तसं लिहून घ्यायचं. जर्मन भाषेचा एक शब्द येत नाही त्याला. विचारायची गरजही नाही, कायदा तसाच आहे. पोरगा गोड आहे, त्यानं माझ्यासाठी खुर्चीवरची पिशवी उचलली. पण मी त्याच्या त्या पाकिटाकडं बघत होते आणि दातओठ खात होते. यांना किती दारं आहेत आत यायची! कुणी रक्तानं येतो, कुणी लग्नानं, कुणी पाच वर्षं टॅक्स भरून आणि तेहेतीस प्रश्न सोडवून, कुणी नाझी काळात आजीवर झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून. येऊ देत, माझं काही म्हणणं नाही. पण त्या पोराला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुमच्या घरी ख्रिसमसला काय खायचे? माझ्या भावाला विचारलं होतं.

आल्विन माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पाव्लोदारला ट्रॅक्टरच्या कारखान्यात वेल्डर होता. पाव्लोदार म्हणजे सैबेरियाच्या कुशीतलं कझाकस्तान, जिथं महायुद्धात आईला बाराव्या वर्षी आगगाडीच्या गुरांच्या डब्यात घालून आणून टाकलं होतं, व्होल्गाकाठच्या गावातून, एका रात्रीत, गावच्या सगळ्या जर्मनांसकट. अडीचशे वर्षांपूर्वी कधीतरी याच हेसन प्रांताच्या डोंगरांतून निघालेली माणसं. रशियात दोन शतकं राहूनही घरात तीच बोली बोलणारी. आई रस्त्यावर कधी तोंड उघडायची नाही. ब्रेडच्या रांगेत तिला मुकी समजायचे. घरी आली, पडदा ओढला, की मग बोलायची, आणि मग थांबायची नाही. ती बोली म्हणजे आमच्यासाठी पडद्याआडची गोष्ट होती. आल्विनला ती आवडायची. मला लाज वाटायची. मला बाहेरची जर्मन हवी होती, छापलेली, जिच्याबद्दल शाळेत मार्क मिळतात, जी बोलल्यावर कुणी फॅसिस्ट म्हणून दगड मारत नाही, उलट 'विदेशी भाषा येते' म्हणून मान देतात. मी ती शिकले. इन्स्टिट्यूटमध्ये पहिली आले. वीस वर्षं मी कझाक आणि रशियन मुलांना ती जर्मन शिकवली आणि माझा उच्चार इतका कोरा होता की पूर्व जर्मनीहून आलेल्या एका पाहुण्यानं मला विचारलं होतं, तुम्ही लायपझिगच्या का. ते वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं सणाच्या भांड्यासारखं जपून ठेवलं होतं.

मग सोव्हिएत देश मोडला आणि आमच्यासारख्यांसाठी दार उघडलं. जर्मनीनं म्हटलं, तुम्ही आमचे, या. आधी नुसता फॉर्म भरला की झालं. गल्लीच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या. आम्ही उशीर केला, कारण आल्विनचं साउलेशी नुकतंच लग्न झालं होतं, झान्ना पोटात होती, आणि साउलेची आई मरायला टेकली होती. तेवढ्यात नियम आला की आता परीक्षा द्यायची, माणूस समोर बसून विचारणार, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच. नापास झाला तर पुन्हा नाही. आल्विन घाबरला. तो म्हणाला, "आपली बोली चालंल का गं तिथं? का हसतील?" मी म्हटलं, "हसतील म्हणजे काय, हाकलतील. असलं गावंढळ बोललास तर म्हणतील ही कुठली जर्मन. तू काळजी करू नकोस. मी आहे ना."

मी आहे ना. हे वाक्य आठवलं की अजून वाटतं, स्वतःच्याच कानाखाली वाजवावी.

सहा महिने, दर रविवारी, त्याच्या स्वयंपाकघरात. टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड होतं. मी साउलेचा लाकडी चमचा हातात घ्यायची. त्याच्या तोंडून घरची बोली निघाली की चमचा टेबलावर, टक्. त्यानं थांबायचं आणि तेच पुन्हा म्हणायचं, नीट. 'ज्येवाया' टक्. 'आय म्हनायची' टक्. साउले चुलीपाशी उभी राहून हसायची, झान्ना पाळण्यात दचकायची. आल्विनला दरदरून घाम फुटायचा. हातात वेल्डिंगची मशाल घेऊन चाळीस फूट उंचीवर उभा राहणारा माणूस, पण त्या टकपुढं एवढासा व्हायचा. हळूहळू तो सुधारला. मार्चपर्यंत तो चुका करेनासा झाला. मग मी त्याला रीतिभाती शिकवल्या, कारण त्याही विचारतात असं कुणीतरी सांगितलं होतं. जर्मन लोक ख्रिसमसला काय करतात? माझ्या पाठ्यपुस्तकात सातवा धडा होता, लायपझिगच्या म्युलर कुटुंबाचा ख्रिसमस. भाजलेला हंस, लाल कोबी, मार्झिपान नावाची बदामाची मिठाई, झाडावर मेणबत्त्या. मी आल्विनकडून तो धडा पाठ करून घेतला. आल्विननं आयुष्यात हंस खाल्ला नव्हता. बदाम त्यानं लग्नात एकदा पाहिले होते. "मार्झिपान म्हणजे काय असतं?" त्यानं विचारलं. मलाही नक्की माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तू नुसतं म्हण."

आमच्या घरी ख्रिसमसला काय असायचं ते मला माहीत होतं आणि त्यालाही. आंबवलेला कोबी आणि बटाटे. वर साखर-लोण्याचा भुगा टाकलेली केकची जाडजूड लादी. आणि पडदे ओढून घेतल्यावर दारावर साखळी आपटत येणारा पेल्त्सनिकल, म्हणजे उलटं मेंढीचं कातडं पांघरलेला, तोंडाला काजळी फासलेला शेजारचा हाइनरिष काका. मुलांना विचारायचा, वर्षभर आईचं ऐकलंत का? आल्विन एकदा एवढा घाबरला की उभ्याउभ्या चड्डी ओली केली त्यानं, आणि आई हसून हसून स्टुलावरून खाली बसली. व्होल्गाकाठचा तो काजळीवाला माणूस गुरांच्या डब्यात बसून कझाकस्तानात आला होता. कुठल्या पुस्तकात तो नव्हता. म्हणून मला वाटलं, तो जर्मन नाही.

"आत्या," झान्ना म्हणाली. ब्राझीलचा पोरगा आत गेला होता आणि खुर्च्यांची रांग हलायची थांबली होती. "तू गप्प का झालीस? मी चुकीचं बोलले का काही?"

"नाही. छान बोललीस." मग मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"बाबांनीच की. शिकवलं असं नाही, बोलतात ना ते. मी लहान असल्यापासून आम्ही दोघं तेच बोलतो. आई चिडते, तिला कळत नाही म्हणून. फोनवरही तेच."

"माझ्याशी तर रशियन बोलतो."

झान्ना बुटाच्या टोकाकडं बघत राहिली. ती खोटं बोलू शकत नाही, हॉस्पिटलातही तिला याचाच त्रास होतो. "ते म्हणतात," ती म्हणाली, "आत्याला आपली बोली येत नाही. आत्याची शिकलेली आहे."

सत्तावीस वर्षं. सत्तावीस वर्षं दर रविवारी मी त्याला पाव्लोदारला फोन करतेय आणि तो रशियनमध्ये हवापाणी सांगतोय, आणि मी समजत होते की परीक्षेनं त्याच्यातली जर्मन मारून टाकली. मी इथल्या ओळखीपाळखीच्या बायकांना तसंच सांगत होते, चर्चमध्ये कॉफी पिताना, रागानं, टेबल ठोकून. त्या अधिकाऱ्यानं माझ्या भावाची मायबोली मारली, असं. त्याही हळहळायच्या. आणि तिकडं तो रोज जेवताना, रोज, ते सगळं आपल्या पोरीच्या तोंडात घालत होता, एक शब्द इकडचा तिकडं न होऊ देता. मेलेलं काही नव्हतं. फक्त माझ्यापासून लपवून ठेवलेलं होतं, आईनं पडदा ओढावा तसं.

'शिकलेली आहे.' हे शब्द त्याचे नाहीत. ते त्याला आलेल्या नकाराच्या पत्रातले आहेत. एका पानाचं पत्र होतं, सही, शिक्का: अर्जदाराची जर्मन व्याकरणशुद्ध आहे, परंतु ती कुटुंबातून मिळालेली नसून शिकलेली आहे, सांगितलेल्या रीतिभाती पुस्तकी आहेत, सबब अर्जदार जर्मन वंशाचा असल्याचं सिद्ध होत नाही. किती सभ्य भाषा. आई जर्मन होती म्हणून तिला बाराव्या वर्षी डब्यात कोंबलं, सोळाव्या वर्षी जंगलात लाकडं तोडायला पाठवलं, तिची दोन बोटं थंडीनं गेली; तेव्हा कुणी विचारलं नाही की बाई, तुमचं जर्मनपण सिद्ध होतंय का. सजेला पुरत होतं ते. मग सुटकेला का पुरू नये? मी हा प्रश्न सत्तावीस वर्षं विचारतेय. बरोबर प्रश्न आहे. अजूनही माझं रक्त उकळतं. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न मी इतक्या जोरात विचारते, कारण दुसरा एक आहे जो मी कुणाला विचारू दिलेला नाही.

"बाबा नापास कसे झाले?" झान्नानं विचारलं. "घरी कुणी नीट सांगतच नाही. इतकी छान येते त्यांना. आत्ता तो माणूस म्हणाला ना, आजीसारखी. मग त्या वेळी काय झालं? तू तर तिथं होतीस."

"परीक्षक नालायक होता," मी म्हणाले. हे उत्तर आपोआप येतं. नेहमी एवढं पुरतं. आज ते बाहेर पडल्यावर मला त्याचा वास आला, बंद डब्यातल्या जुन्या पिठासारखा.

कारण परीक्षक नालायक नव्हता. पन्नाशीचा, राखाडी स्वेटर घातलेला, सर्दी झालेला माणूस होता. सत्त्याण्णव साली आमच्या दोघांची परीक्षा एकाच दिवशी होती, पाव्लोदारच्या एका सरकारी इमारतीत, आधी माझी, मग त्याची. मी आत गेले आणि माझी लायपझिगची जर्मन त्याच्यापुढं मांडली. तो ऐकत होता, मान हलवत होता, पण त्याचं पेन टेबलावर आडवं पडलेलं होतं. मी आणखी सुंदर बोलायला लागले. पेन हललं नाही. मग त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "तुमची आई तुम्हाला जेवायला कशी हाक मारायची?" माझ्या ओठांवर शुद्ध वाक्य तयार होतं. पण बाहेर कुठंतरी कॅन्टीनमध्ये कोबी शिजत होता, त्याचा वास खोलीत आला होता, आणि माझ्या तोंडातून निघालं, "या रं पोरांनो, ज्येवाया या, समदं निवाय लागलंय." त्यानं पेन उचललं. भराभर लिहायला लागला. "आणि?" म्हणाला. "आणि ख्रिसमसला?" मी त्याला हाइनरिष काका सांगितला, साखळी, काजळी, ओली चड्डी. तो हसला, पानभर लिहिलं, उभा राहून माझा हात हातात घेतला. मला कळलं. यांना काय हवंय ते मला त्या क्षणी, लख्ख, पूर्ण कळलं. हंस नको होता. मी सहा महिने चमचा आपटून जे जे माझ्या भावाच्या तोंडातून हाकललं होतं, नेमकं तेच हवं होतं.

परीक्षकानं माझ्यासाठी दार उघडलं. बाहेर आल्विन उभा होता. मी घेऊन दिलेला टाय, पाणी लावून चोपून बसवलेले केस, ओठ हलत होते. सातवा धडा म्हणत होता. आम्ही दोघं एकाच वेळी दारात होतो, तो आत जाणारा, मी बाहेर येणारी, आणि परीक्षक दाराची मूठ धरून माझ्या पाठीशी. एक वाक्य पुरलं असतं. 'आयवानी बोल.' तेवढंच. दोन शब्द, कानाशी लागून. पण ते म्हणायचं म्हणजे वीस वर्षांच्या मास्तरीणबाईनं, एका परक्या अधिकाऱ्यासमोर, घरच्या त्याच बोलीत कबूल करायचं की मी जे शिकवलं ते चुकलं. मला ते म्हणता आलं नाही. मी त्याची कॉलर सरळ केली आणि मोठ्यानं, ऐकू जाईल असं म्हणाले, "स्वच्छ बोल."

तो बारा मिनिटांनी बाहेर आला. चेहरा फुललेला. "एक चूक झाली नाही, इर्मा," म्हणाला, तेही शुद्ध जर्मनमध्ये. "हंस सांगितला. मार्झिपान सांगितलं. त्यानं विचारलं, पाव्लोदारात मार्झिपान मिळायचं? मी म्हटलं, हो, आमच्याकडं असायचं." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आम्ही नदीकाठच्या बागेत जाऊन आइस्क्रीम खाल्लं. चार महिने, पत्र येईपर्यंत, मी त्याला खूष राहू दिलं. त्यानं घरातलं कपाट विकलं, साउलेला जर्मन आकडे शिकवले. पत्र आलं त्या संध्याकाळी मी त्याच्याकडं गेले, जर्मनमध्ये काहीतरी बोलायला लागले, आणि त्यानं रशियनमध्ये विचारलं, चहा घेणार का. तिथून पुढं आजपर्यंत रशियनच.

मी इथं आले. माझी डिग्री इथं चालली नाही म्हणून शाळेत शिकवण्याऐवजी एकोणीस वर्षं शाळेच्या फरश्या पुसल्या. याचंही मला वाईट वाटायचं नाही. हे आपल्याला मिळायलाच हवं, असं वाटायचं. दोन हजार तेरा साली कायदा सैल झाला. आता परीक्षा पुन्हा देता येते आणि, ऐका, शिकलेली जर्मनसुद्धा चालते. शिकलेली चालते! मी ती बातमी वाचली तेव्हा हातातली बादली भिंतीवर फेकली होती. मग शांत होऊन अर्ज मागवला, भरला, फक्त त्याच्या सहीसाठी पाठवला. तो तसाच परत आला. मागच्या बाजूला रशियनमध्ये एक ओळ होती: मी कोण नाही हे त्यांनी मला एकदा सांगितलं आहे. तेव्हा मी 'त्यांनी' या शब्दावर थांबले नव्हते. मला वाटलं, त्यांनी म्हणजे त्यांनीच, मी त्यात नाही.

झान्नानं फोन काढला. "बाबांना सांगते कागद घेतले म्हणून. तिकडं आत्ता जेवायला बसले असतील." फोन लागला आणि ती बोलायला लागली, त्या बोलीत, पाय हलवत, हसत. "व्हय बाबा. समदं घेतलं. न्हाई, काय बी कमी न्हाई पडलं. आन् ऐका तर, त्यो मानूस काय म्हनला..." तिकडून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. वर जाणारी, मध्येच लांबणारी. भाऊ इतका बडबड्या आहे हे मी विसरून गेले होते. कॉरिडॉरमधून माणसं येत-जात होती आणि माझ्या आईच्या घरातलं बोलणं माझ्याशेजारी चाललं होतं. माझ्यासाठी नव्हे.

मी हात पुढं केला. झान्नानं माझ्याकडं पाहिलं आणि फोन दिला.

"आल्विन."

मग तो रशियनमध्ये म्हणाला, "हां इर्मा. कशी आहेस? उकाडा आहे का तिकडं?"

"आल्विन, ऐक," मी जर्मनमध्ये म्हणाले. माझी जर्मन, कोरी, लायपझिगची. "त्या दिवशी मी आतून बाहेर आले तेव्हा मला माहीत होतं. त्यांना आपली घरची बोली हवी होती. मी स्वतः तीच बोलून पास झाले होते. दारात मला तुला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

तिकडं चावण्याचा आवाज थांबला. साउले काहीतरी विचारत होती. मी वाट बघत होते की तो ओरडेल. मला तो ओरडायला हवा होता. सत्तावीस वर्षं मी ज्याला शिव्या दिल्या त्या सर्दीवाल्या माणसाच्या वाट्याच्या सगळ्या शिव्या मला माझ्या नावावर हव्या होत्या. तो फोन ठेवेल असंही वाटलं.

टक्.

मला आधी कळलंच नाही. काहीतरी पडलं असेल असं वाटलं. "आल्विन?" मी म्हणाले. "मला माहीत होतं, असं मी म्हणते आहे."

टक्. टेबलावर चमचा. मेणकापडावरचा तो दबका आवाज मी कुठंही ओळखला असता.

"असं न्हाई," माझा भाऊ म्हणाला. आवाज थंड होता, जुना होता, आणि त्यात दया नव्हती. "नीट बोल. आयवानी बोल."

जिभेला ती बोली सापडेना. एकदाच, त्या खोलीत, पास होण्यापुरती ती वापरली होती मी, आणि पुन्हा कधी हात लावला नव्हता. "मला..." मी म्हणाले. "मला ठाऊक होतं."

टक्.

"मला ठावं हुतं."

या वेळी चमचा वाजला नाही. झान्ना माझ्याकडं बघत होती आणि तिचा हात तोंडावर गेला होता.

"मला ठावं हुतं. दारात. म्या भाईर आले तवा. तरी म्या तुला न्हाई सांगितलं. माझी..." मला लाज हा शब्द आईच्या तोंडचा आठवेना. "मला कमीपणा वाटला, आल्विन."

आतून दार उघडलं आणि त्या मुलानं हसऱ्या आवाजात आमचं आडनाव पुकारलं, "बेख्टोल्ड?" झान्ना उठली, खुर्च्यांची सगळी रांग हलली. ती दोन पावलं गेली आणि माझ्यासाठी थांबली. मी हातानंच तिला जा म्हणाले.

टक्.

"फिरून," तो म्हणाला. "पैल्यापासनं."

मी फोन दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा सांगायला लागले.